धावपट्टीवर आधीच फेस? छे!

विमानाची चाकं उघडली नाहीत की अग्निशमन दल धावपट्टीवर आधीच फेसाची गादी अंथरतं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. एके काळी हे खरंच करत. पण अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ही शिफारस १९८७ मध्येच मागे घेतली. विमान नेमकं कुठे टेकेल, सांगता येत नाही. हल्लीचा पातळ फेस लवकर ओसरतो. आणि मुख्य म्हणजे, खरोखर आग लागली तेव्हा बंबच रिकामे असले तर? म्हणून बंब टाक्या भरून सज्ज उभे असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीवर कुठेही ३ मिनिटांत पोहोचणं बंधनकारक. शिफारस २ मिनिटांची.