फेलोशिप दर महिन्याला का येत नाही : सरकारी संशोधन-निधीची पार्श्वभूमी

पीएचडी करणाऱ्यांना दरमहा मिळणारी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) 31,000 वरून 37,000 रुपये झाली ती 1 जानेवारी 2023 पासून. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा (डीएसटी) आदेश निघाला जूनमध्ये. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आपल्या फेलोंना ही वाढ द्यायचं ठरवलं सप्टेंबरमध्ये, आणि फरकाची रक्कम त्याच्याही नंतर. रक्कम वाढली की बातमी होते, ती हातात कधी पडली याची होत नाही. रकमेचा प्रश्न आंदोलनं करून का होईना, पुढे सरकत आला आहे. वेळेचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. त्याचा दोष बहुतेकदा विद्यापीठातल्या क्लार्कवर येतो, पण खरं कारण पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेत आहे, आणि ती वाट ऐंशीहून अधिक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी तयार झाली आहे.

सरकारी पैसा येण्याआधी संशोधन देणग्यांवर चाले. 1876 मध्ये डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी कोलकात्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी केली ती लोकांकडून पैसे गोळा करून. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था 1909 मध्ये निघाली ती जमशेटजी टाटांच्या देणगीतून, त्याला म्हैसूर संस्थानाची जमीन आणि सरकारी अनुदान यांची जोड मिळाली. संशोधन हा पगारी पेशा नव्हताच. सी. व्ही. रामन 1907 पासून दहा वर्षं सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या आधी-नंतर असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम करत. देशातला सर्वांत नामवंत प्रयोगकर्ता पेशाने हिशेब खात्यातला होता. पुढे हिशेब खात्याने प्रयोगकर्त्यांना जे दिवस दाखवले ते पाहता हा योगायोग मजेशीरच म्हणायचा.

सरकार या क्षेत्रात उतरलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. एप्रिल 1940 मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ नेमलं गेलं, वर्षाला 5 लाख रुपये देऊन. पुढच्याच वर्षी औद्योगिक संशोधन निधी मंजूर झाला, वर्षाला 10 लाख, पाच वर्षांसाठी. हा पैसा खर्च कोण करणार, यावर निघालेलं उत्तर म्हणजे 26 सप्टेंबर 1942 ला स्थापन झालेली सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद). ती खातं म्हणून न काढता 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली गेली. माणसं नेमताना आणि सामान घेताना सचिवालयाच्या नियमांत अडकू नये, हा त्यामागचा हिशेब. पण पैसा सरकारचाच, म्हणून तो सहायक अनुदान या सदराखाली द्यायचा. अनुदान म्हटलं की ते ज्या कामासाठी दिलं त्याच कामावर खर्चल्याचा दाखला मागणं आलं. स्वायत्त संस्था आणि तिला दाखल्यावर मिळणारा पैसा ही जोडी तेव्हा ठरली ती आजतागायत.

स्वातंत्र्यानंतर दुसरा निर्णय झाला आणि त्याचे परिणाम जास्त खोल गेले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा आणि सीएसआयआरचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर यांनी स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळांची वाट धरली. 1950 च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, 1954 मध्ये अणुऊर्जा खातं आलं. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा याला विरोध होता. संशोधन विद्यापीठांत राहिलं नाही तर विद्यापीठं कोरडी पडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. झालंही साधारण तसंच. कायम नोकरीतले वैज्ञानिक आणि उपकरणं प्रयोगशाळांकडे गेली, विद्यार्थी विद्यापीठांकडे उरले. यूजीसी 1953 मध्ये सुरू झाली, 1956 मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला, पण तिच्या पैशाचा मोठा भाग पगार आणि इमारतींतच जायचा. विद्यापीठात संशोधन चालू ठेवायचं तर बाहेरून दोनच गोष्टी येऊ शकत होत्या : फेलोशिप आणि प्रकल्प.

प्रकल्पांची वाट रुंद झाली ती 1971 मध्ये डीएसटी आणि 1974 मध्ये तिच्या अखत्यारीतली विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन परिषद आल्यावर. प्राध्यापकाने प्रस्ताव लिहायचा, तज्ज्ञ समितीने तपासायचा, मंजूर झाला तर साधारण तीन वर्षांचा पैसा वर्षावर्षाच्या हप्त्यांत घ्यायचा. फेलोशिपच्या बाजूने यूजीसीने जेआरएफसाठी 1984 मध्ये नेट ही पात्रता परीक्षा सुरू केली, अध्यापनाच्या पात्रतेसाठी ती 1989 पासून आली. तेव्हापासून एकाच प्रयोगशाळेत दोन जातींचे जेआरएफ दिसतात. एक स्वतःची फेलोशिप घेऊन आलेला. दुसरा प्रकल्पाच्या मनुष्यबळाच्या हेडवर (खर्चाच्या सदरावर) नेमलेला, ज्याची मुदत प्रकल्पाबरोबर संपते, मग पीएचडी कुठेही असो.

दोघांच्या अटी मात्र सारख्याच. महागाई भत्ता नाही, बोनस नाही, प्रवास रजा सवलत नाही, निवृत्तीचे कुठलेही लाभ नाहीत. रजा वर्षाला जास्तीत जास्त 30 दिवस, उन्हाळी-दिवाळी सुट्टी लागू नाही. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार, 2019 च्या आदेशात मूळ रकमेच्या 24, 16 किंवा 8 टक्के. वसतिगृहात खोली मिळाली तर तो बंद. दोन वर्षांनी समिती बसते आणि काम समाधानकारक असेल तर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) होतो. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला मात्र सहा वर्षांपर्यंत वेळ असतो आणि वर दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. सहावं वर्ष कशावर काढायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

महागाई भत्ता नसल्याने रक्कम उड्या मारत वाढते. एप्रिल 2010 पासून 16,000, ऑक्टोबर 2014 पासून 25,000, जानेवारी 2019 पासून 31,000, जानेवारी 2023 पासून 37,000. म्हणजे 56, मग 24, मग 19 टक्के, आणि दर वेळी मधे चार वर्षं किंवा थोडं जास्त. तेवढ्या काळात केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलत असतो. 2014 आणि 2019 या दोन्ही वाढींच्या आधी देशभर मोर्चे निघाले होते. रक्कम महागाईशी जोडा ही मागणी तेव्हापासूनची.

सगळ्यांना ही रक्कम मिळते असंही नाही. केंद्रीय विद्यापीठांतल्या, नेट नसलेल्या पीएचडी विद्यार्थ्याला यूजीसी 8,000 रुपयांची फेलोशिप देत आली. ऑक्टोबर 2015 मध्ये यूजीसीने तीही बंद करायचं ठरवलं, दिल्लीत यूजीसीच्या दारात विद्यार्थी ठाण मांडून बसले आणि ती चालू राहिली, पण रक्कम वाढली नाही. 2018 मध्ये पंतप्रधान संशोधन फेलोशिप आली : पहिली दोन वर्षं 70,000, शेवटी 80,000. एकाच टेबलावर, एकच पिपेट आलटूनपालटून वापरणाऱ्या तिघांना 70,000, 37,000 आणि 8,000 मिळू शकतात. महाराष्ट्रात बार्टी, 2018 पासूनची सारथी आणि 2019 पासूनची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप या सगळ्याच्या बाजूने चालतात. त्यांचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, त्यामुळे त्यांची आंदोलनं दिल्लीला न जाता आझाद मैदानावर होतात.

आता उशिराकडे. प्रकल्पाचा पहिला हप्ता मंजुरीबरोबर येतो. दुसऱ्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, बोलीभाषेत यूसी, आणि हेडनिहाय खर्चाचं विवरण लागतं. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत (जीएफआर) यूसीचा नमुना 12-अ आहे, त्याआधी 19-अ होता. त्यात आरंभीची शिल्लक, आलेलं अनुदान, बँकेचं व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक दाखवायची. व्याज खर्चता येत नाही, ते सरकारला परत भरायचं. कागद परत येतो तो बहुधा इथेच : व्याज दाखवलेलं नसतं, किंवा गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि यंदाची आरंभीची शिल्लक यांत काहीशे रुपयांचा फरक असतो. ऑर्डर दिली पण बिल चुकतं झालं नाही, अशी रक्कम खर्चात धरून टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. विवरणात ती वचनबद्ध खर्च म्हणून वेगळी दाखवावी लागते. आणि केमिकल्सच्या हेडवर पैसे उरले म्हणून त्यातून जेआरएफचा महिना भागवता येत नाही, हेड बदलायला निधी देणाऱ्याची परवानगी हवी.

याहून मोठी अडचण वर्ष कुठून कुठे मोजायचं याची. प्रकल्पाचं वर्ष सुरू होतं पैसा आला त्या दिवशी, यूसी मागितलं जातं ते 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षाचं. डिसेंबरात हप्ता आला तर मार्चअखेर जेमतेम साडेतीन महिने हातात. यूसीवर मोठी शिल्लक दिसते, म्हणून पुढचा हप्ता थांबतो. ती शिल्लक बहुतेक उपकरणाच्या हेडवर असते आणि मनुष्यबळाचा हेड पुढच्या डिसेंबरात रिकामा होतो. कागदावर प्रकल्पाकडे पैसे आहेत, आणि जेआरएफला तीन महिने दमडी नाही.

वाढ झाली की हाच हेड आणखी लवकर आटतो. समजा, एप्रिल 2018 ला सुरू झालेल्या तीन वर्षांच्या प्रकल्पात एक जागा मंजूर आहे : 24 महिने जेआरएफचे 25,000 आणि 12 महिने एसआरएफचे 28,000, मिळून 9,36,000 रुपये. जानेवारी 2019 च्या आदेशानंतर प्रत्यक्षात 9 महिने 25,000, 15 महिने 31,000 आणि 12 महिने 35,000 द्यावे लागतात, म्हणजे 11,10,000. तूट 1,74,000 रुपये, घरभाडं सोडून. ती वेगळी मागावी लागते. ज्यांनी आदेश निघाल्याबरोबर मागितली त्यांना मिळण्याची शक्यता जास्त. प्रकल्पाच्या शेवटच्या सहा महिन्यांत मागणाऱ्यांना सहसा 'उपलब्ध निधीतून भागवा' असं उत्तर येतं.

उपकरण वेळेत का घेतलं जात नाही, हेही पाहायला हवं. तपशील लिहायचे, मागणीपत्र भरायचं, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू नाही असा अहवाल काढायचा. निविदेला किमान तीन आठवडे, परदेशी बोली अपेक्षित असेल तर चार. मग तांत्रिक छाननी, दर उघडणं, खरेदी आदेश, पतपत्र (बँकेची पैसे देण्याची हमी), कस्टम्स. एकही निविदादार तांत्रिक अटीत नापास झाला नाही तरी पाच-सहा महिने जातात, आणि तक्रार आली तर पुन्हा पहिल्यापासून. मे 2020 मध्ये 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदा बंद झाल्या. हेतू देशी उद्योगाला बळ देण्याचा होता. पण ज्या मास स्पेक्ट्रोमीटरला देशात पर्यायच नाही त्यासाठीही वरून विशेष परवानगी आणावी लागू लागली. जुलै 2022 मध्ये संशोधन संस्थांची 5 टक्के जीएसटीची सवलत गेली, उपकरणावर 18 टक्के आला, मंजूर रक्कम तीच राहिली. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरची आयात ड्युटी 10 वरून थेट 150 टक्के झाली. त्या शीर्षकाखाली होणारी अल्कोहोलची आयात रोखायची होती. आरडाओरड झाल्यावर संशोधनासाठी ती लगेच 10 वर आणली गेली, पण ज्यांच्या ऑर्डरी वाटेत होत्या त्यांची धांदल व्हायची ती झालीच.

पैसा देण्याची रीतही याच काळात बदलली. पूर्वी हप्ता संस्थेच्या बँक खात्यात येऊन पडायचा. एखाद्या प्रकल्पाचा हप्ता रखडला तर संस्था इतर शिलकीतून जेआरएफचं तात्पुरतं भागवत असे. नियमात ते बसत नव्हतं, पण चालायचं. देशभर खात्यांत पडून राहणारा हा पैसा सरकारला खटकत होता, आणि त्यात चूक काही नाही, कर्जाने उभ्या केलेल्या त्या पैशावर सरकार स्वतः व्याज भरत होतं. पीएफएमएस ही सरकारी पैसे वाटपाची ऑनलाइन प्रणाली आणि त्यानंतर आलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांनी ते थांबवलं. आता संस्थेला रकमेऐवजी खर्चाची मर्यादा मिळते. बिल चढवलं की पैसा थेट घेणाऱ्याच्या खात्यात. 31 मार्चला न वापरलेली मर्यादा संपते आणि नव्या वर्षात ती पुन्हा टाकली जाईपर्यंत खातं शून्यावर असतं. एप्रिल-मे महिन्यांत प्रकल्पातल्या माणसांचे पैसे अडकतात ते यामुळे. तात्पुरतं भागवायची जुनी सोय आता उरलेली नाही. अनुभवी प्रयोगशाळा म्हणूनच मार्चचं बिल 31 ची वाट न पाहता महिन्याच्या मध्याला चढवतात आणि केमिकल्सची खरेदी फेब्रुवारीतच उरकतात.

यूजीसीच्या फेलोंची गोष्ट वेगळी. त्यांचा पैसा बँकेमार्फत थेट येतो, पण दर महिन्याला विद्यापीठातल्या एकाने पोर्टलवर नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, अशी दुहेरी रचना आहे. दुसरा माणूस बदलीवर गेला, लॉगिन नव्या माणसाच्या नावावर झालं नाही, की विभागातल्या सगळ्यांचा तो महिना राहतो.

वरच्या पातळीवर चित्र बदलतंय. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा (एएनआरएफ) कायदा 2023 मध्ये झाला, फेब्रुवारी 2024 पासून लागू झाला. 2008 च्या कायद्याने आलेलं, प्रकल्पांना पैसा देणारं संशोधन मंडळ, एसईआरबी, त्यात विलीन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटींचं उद्दिष्ट, त्यातले 14,000 कोटी सरकारचे, उरलेले उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च 2020-21 मध्ये जीडीपीच्या 0.64 टक्के होता, आणि 2 टक्क्यांचं आश्वासन 2003 च्या धोरणातही होतं, 2013 च्याही. जून 2025 मध्ये जीएफआरमधल्या खरेदीच्या मर्यादा वाढल्या : निविदेविना थेट खरेदी 1 वरून 2 लाख, खरेदी समितीमार्फत 10 वरून 25 लाख, आणि 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला संचालक किंवा कुलगुरूच मंजुरी देऊ शकतात. जेममधून सूट देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे आला. उपकरण लवकर येईल, शिल्लक कमी दिसेल, त्यामुळे पुढचा हप्ता कदाचित लवकर सुटेल. मनुष्यबळाचा हेड मात्र अजून त्याच हप्त्यात, त्याच यूसीला बांधलेला आहे.