रस्ता नेमका कुणाचा? मराठवाड्यातल्या रस्त्यांच्या दर्जामागची पार्श्वभूमी

आमच्या फाट्यावर किलोमीटरचा एक जुना दगड आहे. त्याचं डोकं पिवळं रंगवलंय, पण दोन पावसाळ्यात पिवळ्याचे पोपडे निघालेत आणि खालून हिरवा रंग दिसायला लागलाय. ज्याला दगडांचे रंग माहितीयेत त्याला सगळी गोष्ट तिथंच कळते. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्हा मार्ग आणि केशरी म्हणजे गावाचा रस्ता. म्हणजे आमचा हा रस्ता आधी राज्याचा होता, आता केंद्राचा झालाय. आणि त्याच फाट्यावरून गावाकडं वळलं की डांबराचा रंग बदलतो, रुंदी निम्मी होते आणि दीड किलोमीटरवर एक नळकांडी पूल लागतो, जो दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. तो पूल कुणी दुरुस्त करायचा हे विचारायला मी गेली तीन वर्षं अर्ज घेऊन फिरतोय, एका ऑफिसात सांगतात हा आमच्या यादीत नाही, दुसऱ्या ऑफिसात सांगतात वर्ग झालाय पण कागद आला नाही. त्या चकरांमधून हा विषय डोक्यात बसला, आणि जितकं मागं गेलो तितकं लक्षात आलं की ही गोष्ट पार निजामाच्या काळापासूनची आहे.

आधी साधी रचना सांगतो, कुठला रस्ता कुठल्या दर्जाचा, म्हणजे कुठल्या वर्गातला. महाराष्ट्रात वरून खाली बघितलं तर राष्ट्रीय महामार्ग, मग प्रमुख राज्यमार्ग आणि राज्यमार्ग, मग प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, मग इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग, ज्याला कागदावर ग्रामा लिहितात. राज्यमार्ग आणि प्रजिमा राज्याच्या बांधकाम खात्याकडं, इजिमा आणि ग्रामा झेडपीकडं. त्याच्याही खाली पाणंद रस्ते, शिवरस्ते, गाडीवाटा, ज्या गावनकाशावर तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात आणि प्रत्यक्षात कुणाच्या तरी बांधात गेलेल्या असतात, त्यांच्यासाठी तहसीलदाराकडं जावं लागतं, मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा आजही त्यासाठीच वापरतात. म्हणजे शेतातून निघालेला माणूस मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात पोचेपर्यंत चार वेगवेगळ्या मालकांच्या रस्त्यावरून जातो आणि त्याला ते माहितीही नसतं, त्याला फक्त खड्डे कळतात.

ही उतरंड ठरली कुठं, तर नागपुरात. पण त्याआधीचं थोडं. १९१९ च्या कायद्यानं रस्ते हा प्रांतांचा विषय झाला, प्रांतांनी बरेच रस्ते लोकल बोर्डांच्या गळ्यात टाकले, आणि तेवढ्यात मोटारी आल्या. बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते मोटारीनं उखडायला लागले आणि लोकल बोर्डाकडं पैसा नाही. म्हणून १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९२८ च्या अहवालात समितीनं म्हटलं की रस्त्यांचा विकास आता प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चाललाय, देशाचं म्हणून त्यात लक्ष घालायला पाहिजे. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागं दोन आणे जादा कर लावून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते इंजिनिअरांची संस्था. जयकर समितीनं विचारलेला मुद्दा मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की रस्ता ज्याच्या नावावर आहे त्याच्या खिशात तो सांभाळायचा पैसा आहे का.

मग डिसेंबर १९४३. युद्ध चालू होतं, आणि प्रांतांचे अन् संस्थानांचे चीफ इंजिनिअर नागपूरला जमले. तिथं २० वर्षांची योजना झाली, तीच नागपूर योजना. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गाव असे दर्जे पहिल्यांदा देशभरासाठी एकसारखे ठरले. आणि एक माप ठरलं, चांगल्या शेतीच्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं. म्हणजे दर्जा ठरवायचा तो रस्ता कुठून कुठं नेतो यावरून, आणि गावाला तो किती जवळ पडतो यावरून. कल्पना अगदी सरळ होती. पुढं १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्रानं उचलला, राज्यघटनेत राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आणि बाकी सगळे रस्ते राज्याच्या सूचीत गेले, १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. मुंबई राज्यानं १९५५ साली स्वतःचा महामार्ग कायदा केला होता.

आता आपल्याकडं या. हे सगळं घडत होतं तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचा जीव रेल्वेत होता. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास झाली आणि मोंढे, जिनिंग, बाजार सगळं त्या लाईनीला चिकटलं. १९३२ मध्ये संस्थानानं बस सुरू केली ती सुद्धा रेल्वेचंच एक खातं म्हणून, २७ गाड्यांवर. त्यामुळं रस्ता म्हणजे स्टेशनपर्यंत माल आणि माणूस आणून सोडणारी वाट, ही समजूत पक्की झाली. त्यात संस्थानचा मोठा भाग जहागिरी, पायगा (बड्या सरदार घराण्यांचा मुलूख) आणि सर्फेखास (खुद्द निजामाचा खासगी मुलूख) असा वाटलेला, तिथं रस्ता करायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जालन्याला लष्कराची छावणी होती, औरंगाबादला होती, त्यांना जोडणारे रस्ते बरे, आणि बीडच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा रेल्वेपासून लांबच्या गावांत पावसाळाभर चिखल. काळी माती ज्यानं तुडवलीय त्याला हे वेगळं सांगायला नको, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि तिच्यावर नुसती खडी अंथरली की दोन वर्षांत ती गिळून टाकते. खाली चांगला जाड मुरूम आणि दोन्ही बाजूला पाणी काढणारी नाली असल्याशिवाय इथं रस्ता टिकतच नाही. म्हणजे तेवढाच रस्ता सांभाळायला इथं जास्त पैसा लागतो, आणि हे कुठल्याच दर्जाच्या व्याख्येत नाही.

सप्टेंबर १९४८ ला संस्थान विलीन झालं, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या वेळी राष्ट्रीय महामार्ग म्हणून आपल्या वाट्याला आला तो पुणे–सोलापूर–हैदराबाद रस्त्याचा नळदुर्ग–उमरग्यातून जाणारा तुकडा. तेव्हा तो ९ नंबर होता, आता ६५ आहे. बाकी सगळं राज्याच्या आणि जिल्ह्याच्या अंगावर. पुणे-मुंबईकडं जोडण्याऐवजी हैदराबादकडं तोंड करून बसलेलं जाळं आपण घेऊन आलो होतो, ते फिरवायचं काम राज्यमार्गांनी करायचं होतं.

१ मे १९६२ ला झेडपी आल्या. खालचे रस्ते त्यांच्याकडं गेले, आणि मला ही वाटणी मुळात चुकीची वाटत नाही, गावचा रस्ता जिल्ह्यात ठरावा हे बरोबरच आहे. अडचण अशी की रस्ते मिळाले पण ते सांभाळायला स्वतःचं उत्पन्न मिळालं नाही, झेडपी कायम राज्याच्या अनुदानाकडं डोळे लावून.

आणि मग ७२ चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या रस्त्यांची गोष्ट या दुष्काळाशिवाय सांगताच येत नाही. १९७० ते ७३ सलग वाईट वर्षं, आणि ७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, आणि सगळ्यात जास्त डोळ्यापुढं येतं ते रस्ते आणि खडी. आमची आजी त्या कामावर होती. ती सांगायची, सकाळी हातोडी घेऊन बसायचं, पायावर पोत्याचं फडकं टाकायचं म्हणजे चिपा लागत नाहीत, दगड फोडून ढीग लावायचा, संध्याकाळी मुकादम फरा (खडी मोजायची चौकट) ठेवून माप घ्यायचा आणि लेकरांना सुकडी मिळायची. आमचा गावरस्ता, तो नळकांडी पुलाचा, त्याच वेळी निघाला. असे शेकडो रस्ते निघाले. पण ते निघाले माणसांच्या हाताला काम पाहिजे म्हणून, रस्ता कुठून कुठं जातो हे बघून नाही, त्यामुळं काही नाल्याशी येऊन थांबले, काहींना पूलच नाही, मातीकाम झालं आणि पाऊस पडल्यावर मजूर शेतात गेले. रोजगार हमीनं पुढं त्याला कायद्याचा आधार दिला, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, रस्ते अजून वाढले. आणि या सगळ्या रस्त्यांना नंतर कुणीतरी इजिमा म्हणून, कुणीतरी ग्रामा म्हणून नंबर दिले, बऱ्याच जणांना दिलेच नाहीत. ज्या रस्त्याला नंबर नाही त्याला हेडच, म्हणजे खर्चाचं खातंच नाही, आणि हेड नाही म्हणजे रुपया नाही.

१९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि तिनं पहिल्यांदा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, आकड्यांत मांडला. राज्याचा एकूण ३,१८६.७८ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, आणि ज्या क्षेत्रांचा हिशेब केला त्यात रस्ते हे ठळक क्षेत्र होतं. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली मराठवाडा विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. या काळात आपल्या पुढाऱ्यांनी अनुशेषाची भाषा चांगली शिकून घेतली, पण भांडण झालं ते नवीन लांबीसाठी. किती किलोमीटर वाढले हे विचारलं, होते ते कोण सांभाळतंय हे कमीच विचारलं. राज्याच्या २००१–२१ च्या रस्ते योजनेचं उद्दिष्ट सुमारे ३.३७ लाख किलोमीटर होतं, म्हणजे बघा केवढा पसारा.

इथं मैलकुलीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, प्रत्येक काही किलोमीटरला खात्याचा एक माणूस असायचा, सायकल, फावडं, घमेलं. साईडपट्टीला मुरूम ओढायचा, बाभळी छाटायचा, पावसाआधी मोरीतला गाळ काढायचा. पहिला खड्डा हातभर असतानाच बुजायचा. आता आमच्या भागात असा माणूस दिसत नाही, आता खड्डा वाढून टेंडर निघण्याएवढा झाल्यावरच कुणी येतं. रस्ता आपल्या मालकीचा आहे असं वागणारा खात्यातला शेवटचा माणूस तोच होता, असं मला मनापासून वाटतं.

२००० नंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. खालून प्रधानमंत्री ग्रामसडक आली, २५ डिसेंबर २००० ला, पाचशेच्या वर वस्ती असलेल्या गावांना बारमाही रस्ता, आणि २०१५ पासून मुख्यमंत्री ग्रामसडक. यांचं काम खरंच चांगलं झालं, पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडंच लिहिलेली असते त्यामुळं तेवढी वर्षं रस्ता राहतो. सहाव्या वर्षी तो परत झेडपीच्या पदरात, आणि गोष्ट पुन्हा तिथंच. वरून आली दर्जोन्नती, म्हणजे रस्त्याला वरचा दर्जा देऊन राष्ट्रीय महामार्गाचा नंबर. धुळे–सोलापूर २११ झाला, आताचा ५२, कल्याण–निर्मल २२२ झाला, आताचा ६१, जो माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड असा जातो. मग २०१४ नंतर तर राज्यमार्गांचे राष्ट्रीय महामार्ग व्हायची रांगच लागली, राज्यात पाचेक हजार किलोमीटर होते ते १८ हजारांच्या घरात गेले. तुळजापूर–लातूर–नांदेड–यवतमाळ ३६१, अकोला–हिंगोली–नांदेड–देगलूर १६१. चौपदरी झाले तिथं फरक पडला, नाही म्हणणार नाही, नांदेडहून लातूरला जाताना कंबर वाचते.

पण यात एक फट राहिली. बरेच रस्ते आधी "तत्त्वतः" राष्ट्रीय महामार्ग जाहीर झाले, अधिसूचना नंतर, डीपीआर म्हणजे कामाचा सविस्तर आराखडा नंतर. त्या मधल्या काळात राज्य म्हणतं आता हा केंद्राचा, केंद्र म्हणतं अजून आमच्याकडं आलाच नाही, आणि रस्ता तसाच फुटत राहतो. दुसरं म्हणजे बायपास झाला की गावातला जुना तुकडा एकदा डागडुजी करून नगर परिषदेकडं सोपवतात, आणि पगाराला पैसे पुरत नाहीत अशा नगर परिषदेनं तो सांभाळायचा. तिसरं २०१७ मध्ये बघितलं. सुप्रीम कोर्टानं महामार्गापासून ५०० मीटरमध्ये दारूविक्री बंद केली आणि बऱ्याच राज्यांत, आपल्याकडंही, शहरातून जाणारे काही राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडं वर्ग करायची घाई झाली. रस्त्याचा दर्जा त्यावरची वाहतूक सोडून दुकानांसाठी बदलतो हे बघून फार वाईट वाटलं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. राज्यानं कुठला रस्ता स्वतःकडं ठेवायचा हे दोन तालुके, दोन बाजार जोडतो का आणि त्यावरून काय वजन जातं यावर ठरावं. आमचा गावरस्ता कागदावर ग्रामा आहे, पावणेचार मीटर रुंद, पण नोव्हेंबर ते मार्च त्यावरून दोन-दोन ट्रेलरचे उसाचे ट्रॅक्टर जायलेत आणि बाकी वर्षभर गोदावरीच्या वाळूचे हायवा, म्हणजे मोठे टिपर. असा रस्ता झेडपीनं कितीही वेळा केला तरी टिकणार नाही, तो निदान प्रजिमा पाहिजे. उलट काही प्रजिमा आहेत ज्यावर दिवसाला दोन एसट्या जातात, ते खाली दिले तरी चालतील, पण देताना दुरुस्तीचा पैसा आणि माणूस सोबत द्यायला पाहिजे.

गेल्या महिन्यात एका तरुण इंजिनिअरनं रजिस्टर उघडून दाखवलं तेव्हा कळलं की आमच्या रस्त्याला नंबर आहे, पण लांबी पुलाच्या अलीकडंच संपते. ७२ साली काम जिथं थांबलं होतं तिथंच. पुढचा दीड किलोमीटर आणि तो पूल कुणाच्याच यादीत नाही. ग्रामसभेचा ठराव घेतलाय, त्यात साखळी क्रमांक (रस्त्यावरच्या अंतराचे आकडे) घालून लांबी वाढवून मागितलीय, आणि सोबत गावनकाशाची नक्कल जोडलीय ज्यात ती वाट तुटक दुहेरी रेघेनं दिसते.