डिफेक्टिव्ह निघाली, की खराब झाली?

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच वस्तूंना चिठ्ठी लावलेली असते आणि तिच्यावर एकच शब्द असतो: ‘डिफेक्टिव्ह’. ग्राहकाचा त्रास खरा असतो, पण एवढ्याने दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. शिवाय वॉरंटीचा निकाल अनेकदा याच शब्दावर लागतो, म्हणून हे माहितीपत्रक.

या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ ‘कमी पडणे’. डेफिसिट आणि डेफिशियन्सी हे त्याच घरातले. म्हणजे डिफेक्टिव्ह वस्तूत बनतानाच काहीतरी उणं राहिलेलं असतं. हा फरक मराठीत आपण क्रियापदाने सहज दाखवतो. ‘पीस डिफेक्टिव्ह निघाला’ म्हणतो, पण ‘वापरून खराब झाला’. निघाला तो मुळातलाच दोष. पडून फुटलं, पाणी गेलं, तर ते डॅमेज. फॉल्टी हा शब्द मात्र सैल आहे. बिघाड मुळातला असो वा नंतरचा, दोन्हीला चालतो.

एक उदाहरण रोजचं आहे. मिक्सर चालता चालता बंद पडतो आणि ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून आमच्या टेबलावर येतो. आम्ही तो उलटा करतो. तळाशी लहानसं लाल बटण बाहेर आलेलं असतं. भांडं जास्त भरलं, मोटरवर ताण आला, की हे ओव्हरलोडचं बटण वीज तोडतं. प्लग काढून मोटर थोडी निवू द्यायची, बटण आत दाबायचं, मिक्सर सुरू. इथे दोष नव्हताच, उलट मोटर वाचली. पण बेताचं भरूनही नवा मिक्सर पुन्हा पुन्हा असाच थांबत असेल, तर डिफेक्टची शंका रास्त आहे.

कारखान्यात डिफेक्ट म्हणजे एक दोष आणि डिफेक्टिव्ह म्हणजे दोष असलेला नग. एकाच नगात तीन डिफेक्ट असले, तरी डिफेक्टिव्ह नग एकच मोजतात. त्यामुळे एक दोष सापडला म्हणून बाकीचे सांगायचे राहू देऊ नका.

हा शब्द माणसाला मात्र कधीही लावू नका. ब्रिटनच्या 1913 च्या एका कायद्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना ‘डिफेक्टिव्ह’ म्हटलं होतं. आज तो अपमान आहे, आणि तसाच मानला पाहिजे.

चिठ्ठीवर असं लिहा: ‘पहिल्याच दिवसापासून भांडं खालून गळतं. पडलेलं नाही. रबर बदलून पाहिलं, तरी तेच.’