ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकच वेळ कशी काय दाखवतात?

कॉम्प्युटरचं घड्याळ अचूक असतं असं आपण धरून चालतो, पण खरं तर ते बऱ्यापैकी साधं घड्याळ आहे. मदरबोर्डवर क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ती थरथर मोजून वेळ पुढे सरकते. मशीन बंद असताना हे काम बटणासारख्या सेलवर चालू राहतं. मशीन सुरू झालं की ऑपरेटिंग सिस्टिम तिथून एकदा वेळ वाचते आणि पुढची मोजणी स्वतःच करत बसते, तीही अशाच दुसऱ्या कुठल्यातरी स्फटिकाच्या भरवशावर.

आता हे स्फटिक काही अगदी एकसारखे कापलेले नसतात, शिवाय तापमान बदललं की त्यांचा वेग बदलतो. दहा लाखात २० एवढा फरक म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण दिवसाचे सेकंद ८६,४०० असल्यामुळे तेवढ्यानेच रोज १.७ सेकंदांची चूक होते, म्हणजे महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर. आणि एकाचं घड्याळ पुढे पळतं तर शेजारच्याचं मागे पडतं, त्यामुळे दोघांमधलं अंतर आणखी वाढतं.

पडेना का एक मिनिट मागे, काय बिघडलं? माणसाचं काही नाही बिघडत, नेटवर्कचं बिघडतं. विंडोजच्या डोमेनमध्ये (म्हणजे ऑफिसातली सगळी मशीनं एकाच ठिकाणाहून सांभाळायच्या व्यवस्थेत) लॉगिनसाठी केर्बेरॉस नावाची ओळख पटवायची पद्धत वापरतात, त्यात तुमचं मशीन आणि सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर (हा आकडा बदलता येतो, पण आधीपासून ठरलेला ५ आहे) पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाहीत. कारण असं की कोणी जुना लॉगिनचा मेसेज पकडून ठेवून नंतर परत पाठवला तर तो शिळा आहे हे वेळेवरूनच कळतं. मोबाइल ॲपमधला लॉगिनचा ६ आकडी कोड बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी बदलतो, तोही वेळेवरूनच काढलेला असतो. आणि काही गडबड झाली की चार सर्व्हरचे लॉग, म्हणजे कधी काय घडलं याच्या नोंदी, शेजारी ठेवून आधी काय झालं नंतर काय झालं हे शोधायचं असतं, तेव्हा घड्याळं जुळत नसतील तर आधी उत्तर आलं आणि मग प्रश्न विचारला असलं काहीतरी दिसतं, डोकं फिरतं अक्षरशः.

मग जुळवायचं कसं? सोपं वाटतं की सर्व्हरला वेळ विचारायची आणि लावून टाकायची. पण उत्तर वाटेत असताना वेळ पुढे गेलेली असते, आणि किती गेली हे मोजायला तुमच्याकडे जे घड्याळ आहे त्याच्यावरच तर संशय आहे! ही अडचण अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांच्या एनटीपीने (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) सोडवली. १९८५ साली आलेली ही पद्धत सुधारत सुधारत आजही चालू आहे.

युक्ती चार नोंदींची आहे. समजा तुमच्या घड्याळात बरोबर १० वाजता प्रश्न निघाला. सर्व्हरच्या घड्याळात तो १० वाजून ५.०२० सेकंदांनी पोचला, ५.०२१ ला उत्तर निघालं, आणि तुमच्याकडे ते पोचलं तेव्हा तुमचं घड्याळ १० वाजून ०.०४१ सेकंद दाखवत होतं. तुमच्या हिशोबाने सगळ्याला ४१ मिलिसेकंद लागले, त्यातला १ सर्व्हरने घेतला, म्हणजे प्रवास ४० चा. इथे फक्त अंतरं मोजली, त्यामुळे घड्याळ ५ सेकंद चुकलेलं असो की ५ तास, फरक पडत नाही. जाताना २० आणि येताना २० धरले की तुमचं घड्याळ नेमकं ५ सेकंद मागे आहे असं निघतं.

यात एकच गोष्ट गृहीत धरलीय, ती म्हणजे जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो. जाताना ३० आणि येताना १० लागले असतील तर उत्तर १० मिलिसेकंदांनी चुकणार, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून वेळेचा सर्व्हर ऑफिसच्या आतच असलेला बरा, तिथे पूर्ण प्रवासच एखाद्या मिलिसेकंदाच्या आत संपतो, चूक होऊन होऊन होणार किती.

फरक कळला तरी काटा लगेच ढकलत नाहीत, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. घड्याळ मागे नेलं तर तीच वेळ दोनदा येते, नवी फाइल जुनीपेक्षा जुनी दिसायला लागते. म्हणून एनटीपीचा मूळ प्रोग्रॅम १२८ मिलिसेकंदांपर्यंतची चूक घड्याळाचा वेग जरासा कमीजास्त करून भरून काढतो, तेही सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे १०० मिलिसेकंदांना निदान २०० सेकंद लागणार. चूक १२८ हून मोठी असली तर सरळ उडी मारतो, आणि १००० सेकंदांपेक्षा मोठी असली तर चक्क काम सोडून बंद पडतो, की बाबा इथे काहीतरी भलतंच आहे, माणसाने बघावं. शिवाय आपला स्फटिक रोज किती चुकतो हेही तो शिकून फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे नेट गेलं तरी काही काळ निभावतं.

बाहेरचे सर्व्हर किती ठेवायचे? दोन ठेवू नका. दोघांचं पटलं नाही तर खोटं कोण हे ठरवताच येत नाही, त्यापेक्षा चार बरे, एक वेडा झाला तरी उरलेल्या तिघांचं बहुमत होतं.

विंडोज डोमेनमध्ये सगळी मशीनं वेळेसाठी शेवटी एकाच मुख्य डोमेन कंट्रोलरकडे (डोमेनमधली लॉगिनं तपासणाऱ्या सर्व्हरकडे) बघतात, आणि तिथे एक गंमत होते. तो कंट्रोलरच १० मिनिटं मागे पडला तर सगळं ऑफिस त्याच्यासोबत मागे पडतं, आणि लॉगिन मात्र मजेत चालू राहतं! केर्बेरॉसला खरी वेळ नकोच असते, एकमत पाहिजे असतं. भांडं फुटतं ते बाहेरच्या जगाशी संबंध आला की, म्हणजे मोबाइलवरचा कोड चालत नाही किंवा बाहेरून आलेल्या मेलची वेळ भविष्यातली दिसते. त्यामुळे निदान त्या एका मशीनला तरी बाहेरची खरी वेळ मिळतेय का, फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारात, एनटीपीची जी वाट असते तो यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट त्याच्यासाठी उघडा आहे का, हे आधी बघायचं. आणि मग हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, प्रिंटर, कारण ही मंडळी डोमेनमध्ये नसतात, यांना वेळेच्या सर्व्हरचा पत्ता एकेकाच्या सेटिंगमध्ये जाऊन हातानेच भरावा लागतो.