कूपन म्हणजे तिकीट नव्हे

डिसेंबर १९१८ मधली ब्रिटनची निवडणूक ‘कूपन निवडणूक’ म्हणून ओळखली जाते. हे वाचताना आपण हटकून कूपनच्या जागी ‘तिकीट’ धरतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

तिकीट पक्षाचं असतं. ब्रिटनमध्ये तेव्हाही उमेदवार ठरवायची ती मतदारसंघातली पक्षाची स्थानिक मंडळी. कूपन आलं ते थेट आघाडी सरकारच्या म्होरक्यांकडून. लिबरल पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नेते बोनार लॉ यांच्या सह्यांचं छोटंसं पत्र: अमुक मतदारसंघातले आघाडीचे उमेदवार म्हणून आम्ही तुम्हाला मान्यता देतो. बस, एवढंच. आपल्या एबी फॉर्मसारखं ते अर्जाला जोडायचं नव्हतं. मतपत्रिकेवर तर तेव्हा पक्षाचं नावसुद्धा छापत नसत. कायद्याच्या लेखी त्या कागदाला काडीची किंमत नव्हती. प्रचारात मात्र होती. महायुद्ध महिन्याभरापूर्वीच संपलेलं, आणि जिंकून देणाऱ्या पंतप्रधानांचा माणूस म्हणून मिरवता येत होतं.

‘कूपन’ हा शब्द मुळात टोमणा. त्या वर्षी साखर, मांस रेशनच्या कुपनांवर मिळायचं. त्यावरून माजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी या पत्राला ते नाव चिकटवलं. त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही. ते लिबरल, लॉइड जॉर्जही लिबरल, पण पत्र मिळालं ते साधारण दीडशे लिबरलांनाच. उरलेल्यांकडे पक्षाची उमेदवारी होती, आणि बऱ्याच ठिकाणी समोर कूपनवाला कॉन्झर्व्हेटिव्ह उभा होता. निकाल लागला तेव्हा ॲस्क्विथ गटाचे तीस-पस्तीसच्या आसपास उरले.

म्हणून कूपन म्हणजे हमखास विजय, असंही नव्हे. स्मेथविकमध्ये ते क्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांना मिळालं होतं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या या बाईंसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार बाजूला झाला, तरी त्या मजूर पक्षाच्या उमेदवाराकडून ७७५ मतांनी हरल्या.

आणि ईस्ट फाइफमध्ये उलटंच झालं. खुद्द ॲस्क्विथ तिथून १८८६ पासून निवडून येत होते. समोरच्या सर अलेक्झांडर स्प्रॉट यांच्याकडे कॉन्झर्व्हेटिव्हांची उमेदवारी होती, कूपन नव्हतं. ॲस्क्विथ दोन हजार मतांनी पडले.