धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या इमारतीसाठी वास्तुरचना स्पर्धा: पात्रता, कागदपत्रं आणि प्रवेशिका

पाद्री आणि धर्मसेवक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या इमारतीसाठी खुली स्पर्धा निघाली, तर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या आपल्या तरुण आर्किटेक्टांनी बिचकू नये. पात्रता ठरते ती वास्तुविशारद अधिनियम १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे झालेल्या नोंदणीवर, आणि ती देशभर चालते. कोल्हापुरात शिकून निपाणीत ऑफिस थाटलेला आणि चंदगडचा पत्ता असलेला, दोघंही बसतात. नोंदणीची मुदत मात्र संपलेली नसावी. सिव्हिल डिप्लोमावाल्यांना आर्किटेक्ट म्हणून प्रवेशिका भरता येत नाही. नोंदणीकृत आर्किटेक्टच्या चमूत ते काम करू शकतात. परीक्षक मंडळातल्या कुणाचे भागीदार, नोकरदार किंवा जवळचे नातेवाईक असाल, तर अर्ज करू नका.

कागद साधारण असे लागतात: नोंदणी प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाची पावती, ओळखपत्र, फर्म असेल तर भागीदारी करारनामा, चमूची यादी, आणि आराखडा स्वतःचाच असल्याचं सही केलेलं प्रतिज्ञापत्र. जागेचा उतारा, मोजणी नकाशा, बिगरशेतीचा आदेश हे आयोजकांनी द्यायचं. जागा कर्नाटकात असेल, तर ते कागद कन्नडमध्ये असतात. हद्द, रस्ता, नाला या नोंदी जाणत्याकडून नीट वाचून घ्या, अंदाजाने रेघ ओढू नका.

सगळ्यात जपायचं ते नाव. परीक्षकांना आराखडा कुणाचा हे कळता कामा नये, म्हणून नाव-पत्ता बंद पाकिटात वेगळा जातो आणि नकाशावर, अहवालावर, मॉडेलवर फर्मचं चिन्हसुद्धा चालत नाही. पीडीएफच्या गुणधर्मांत संगणकाने परस्पर टाकलेलं नाव राहतं, तेही पुसा. चांगलं काम एवढ्यासाठी बाद होणं फार वाईट.

शंका मुदतीत लेखीच विचारा. उत्तर सगळ्या स्पर्धकांना जातं. आयोजकांना किंवा परीक्षकांना फोन करू नका.

आराखड्यात प्रार्थनागृह, ग्रंथालय, वर्ग, वसतिगृह यांचं नातं आधी ठरवा. अपंगांसाठी उतार आणि आग लागल्यास सुटकेचे मार्ग राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे दाखवा. खानापूरकडचा पाऊस लक्षात घेता प्रार्थनागृहावर नुसता पत्रा टाकला, तर जुलैत प्रवचन ऐकू येणार नाही. तिथला जांभा आणि कौलं यांचा विचार जरूर करावा. अहवालात त्याची कारणं आणि खर्चाचा अंदाज लिहा.

शेवटच्या दिवशी पोस्टावर विसंबू नका. पोहोच पावती निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.