प्रेमात लवकर कोण पडतं? चार अक्षरांच्या टेस्टमागची जुनी भानगड

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही कॅफेत कॉलेजची पोरं-पोरी बसलेली असली की थोड्या वेळानं कुणीतरी विचारतंच, तुझा टाइप काय गं? म्हणजे ती ऑनलाइन फुकट देता येते ती मायर्स-ब्रिग्ज धर्तीची टेस्ट, माणसांचे सोळा प्रकार पाडून प्रत्येकाला चार इंग्रजी अक्षरं देणारी. मग आयएनएफपी, म्हणजे कल्पनेत रमणारा हळवा, असला की गडी पहिल्याच दिवशी गार, आयएसटीजे, म्हणजे व्यवहारी आणि काटेकोर, असला की वर्षभर नुसता विचारच करत बसणार, असली चर्चा रंगते आणि बायोत ती चार अक्षरं टाकणारे पण कमी नाहीत. घरातल्या मोठ्यांना ही थेरं वाटतात.

पण माणसांचे प्रकार पाडून जोड्या लावायचा उद्योग आपल्याकडं जुनाच की. पत्रिका जुळवताना ३६ गुण बघतात, त्यातले ६ गणाचे, देव-मनुष्य-राक्षस, आणि सगळ्यात जास्त ८ नाडीचे, आणि त्या आद्य-मध्य-अंत्य नाड्यांचा संबंध परत वात-पित्त-कफाशी लावतात. फक्त त्यात कोण किती लवकर प्रेमात पडेल हा रकानाच नाही! असणार तरी कसा, लग्न आधी आणि प्रेम जमलं तर नंतर, असा सगळा हिशेब. लवकर की उशिरा हा प्रश्न पडायला आधी माणसानं स्वतः निवडायला पाहिजे. कोल्हापुरात त्या निवडीला कायद्याचा आधार बराच आधी मिळाला, शाहू महाराजांनी संस्थानात आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारा कायदा केला तेव्हा. नंतर राजाराम कॉलेजात प्राध्यापक असलेले ना. सी. फडके प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायला लागले आणि प्रेमात पडणं ही घरोघरी चवीनं वाचायची गोष्ट झाली. प्रत्यक्षात कुणी पडलं की घरात काय व्हायचं ते सोडा.

तिकडं युरोपातही सुरुवात वैद्यांपासूनच झाली. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा ग्रीक वैद्य होता. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त, या चारातलं काय जास्त त्यावर माणसाचा स्वभाव, ही जुनी ग्रीक कल्पना त्यानं पक्की बसवली. त्याचा एक किस्सा भारी आहे. एका बड्या घरची बाई रात्रभर झोपत नव्हती, विचारलं तर धड उत्तर नाही, ताप नाही काही नाही. गॅलन तिची नाडी बघत असताना बाहेरून कुणीतरी आलं आणि म्हणालं की आज पायलाडीसचा नाच बघून आलो, आणि बाईचा चेहरा बदलला, नाडी वेडीवाकडी पळायला लागली. गडी हुशार, दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुसऱ्याच नर्तकाचं नाव कुणाकडून तरी काढायला लावलं, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याचं, नाडी एकदम शांत. मग परत पायलाडीसचं नाव निघालं आणि परत तेच. रोग सापडला.

आजच्या टेस्टची गोष्ट मात्र एका जावयापासून सुरू होते. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज म्हणून बाई होत्या, त्यांची लेक इझाबेल कॉलेजात असताना क्लॅरेन्स मायर्स या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या प्रेमात पडली. पोरगा चांगला, पण ह्यांचं घर कल्पनेत रमणारं आणि हा आपला व्यवहारी, प्रत्येक गोष्टीचे तपशील बघणारा. सासूबाईंना कळेना की ह्याचं डोकं असं कसं चालतं. आपल्याकडं सासूनं दोन टोमणे मारून विषय संपवला असता, ह्या बाई माणसांच्या प्रकारांचा अभ्यास करायला लागल्या. लग्न १९१८ साली झालं. १९२१ मध्ये कार्ल युंगचं मानसिक प्रकारांवरचं जर्मन पुस्तक आलं, अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी त्यातलीच, दोन वर्षांनी ते इंग्रजीत आलं आणि कॅथरीनबाईंना हवं ते सापडलं. युंग स्वतः मात्र सावध होता, पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख माणूस नसतोच, असला तर तो वेड्यांच्या इस्पितळात असेल असं तो पुढं एका मुलाखतीत म्हणाला.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इझाबेलनं ह्या सगळ्याची प्रश्नावली करायला घेतली. उद्देश काय, तर कुठला माणूस कुठल्या कामाला बरा हे कळावं. प्रेमाचा संबंधच नाही! मायलेकी दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. १९६२ मध्ये एका मोठ्या परीक्षा संस्थेनं ती छापली, १९७५ पासून दुसऱ्या प्रकाशकाकडं गेली आणि मग ऑफिसांमधून सुसाट सुटली. बऱ्याच जणांचा टाइप काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की बदलतो हे अभ्यासांत वारंवार दिसलंय, त्यामुळं आयएनएफपी म्हणून प्रेमात पडलो असं म्हणणाऱ्यानं महिन्याभरानं परत टेस्ट देऊन बघावी, एवढंच आमचं म्हणणं.

मग प्रेमाचा वेग मोजला कुणी? तो धागा वेगळाच आहे आणि तो सुरू व्हायच्या आधीच तोडायचा प्रयत्न झाला होता. १९७५ मध्ये प्रॉक्समायर नावाच्या अमेरिकन सिनेटरनं सरकारी पैशाच्या उधळपट्टीसाठी 'गोल्डन फ्लीस' नावाचं टोमणेवजा बक्षीस सुरू केलं आणि पहिलंच बक्षीस दिलं ते प्रेमावरच्या ८४,००० डॉलरच्या संशोधनाला. माणूस प्रेमात का पडतो हे गूढच राहू दे, असं त्याचं म्हणणं. संशोधन करणाऱ्या एलेन बर्शाइड आणि इलेन हॅटफील्ड या दोघींना त्याचा बराच त्रास झाला.

तरी काम थांबलं नाही. लहानपणी आईशी बाळाची जी ओढ तयार होते त्यावर बोल्बी आणि एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांचं काम आधीच झालेलं होतं, ते हेझन आणि शेव्हर या जोडीनं मोठ्यांच्या प्रेमाला लावलं आणि त्यासाठी डेन्व्हरच्या एका पेपरात चक्क 'लव्ह क्विझ' छापली. तीन परिच्छेद, त्यातला तुमच्यासारखा कुठला ते सांगा. हा अभ्यास १९८७ चा. साधारण ५६ टक्के निवांत निघाले, २५ टक्के जवळीक टाळणारे आणि १९ टक्के सारखी धास्ती असलेले. आपल्या प्रश्नाचं पहिलं बऱ्यापैकी उत्तर इथं मिळतं. धास्तीवाले म्हणत होते की प्रेमात पडणं सोपं आहे, आम्हाला सारखंच तसं वाटायला लागतं, फक्त खरं प्रेम सापडत नाही. टाळणाऱ्यांचं मत, कादंबरीतलं तसलं वेडं प्रेम असतच नाही. मला तरी हे चार अक्षरांपेक्षा जास्त पटतं, आपल्या ओळखीतली माणसं एकेक करून समोर येतात.

पण लवकर पडणारे सगळे धास्तीतूनच पडतात असंही नाही. अलीकडं डॅनियल जोन्स या मानसशास्त्रज्ञानं 'इमोफिलिया' म्हणून वेगळाच गुण मांडला. ह्या लोकांना कुणी सोडून जाईल ही भीती नसते, त्यांना प्रेमात पडायची ती सुरुवातच आवडते, म्हणून पटकन, सहज आणि वारंवार पडतात. बाहेरून दोघं सेम दिसतात, फोन तेवढेच, स्टेटस तेवढेच, आतलं कारण वेगळं. आणि लवकर पडलं म्हणजे वाटोळंच, असंही दिसत नाही. नेदरलँड्समधल्या २००७ च्या एका अभ्यासात पहिल्या नजरेत प्रेमात पडलेल्यांचे स्वभाव एकमेकांशी कमी जुळत होते, पण संसार मात्र आधी मैत्री करून मग जोडी जमवलेल्यांपेक्षा वाईट चाललेले नव्हते. म्हणजे २८ गुण जुळलेल्यांनी १२ वाल्यांना फार हसू नये.

रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खात पोरं छातीठोक सांगतात की पोरीच आधी पडतात, आपण काय, आपला विषय हार्ड. २०११ मध्ये अमेरिकेत हेच विचारून बघितलं, बहुतेकांना वाटत होतं की 'आय लव्ह यू' आधी बाईच म्हणत असणार, प्रत्यक्षात आधी म्हणणारे पुरुषच जास्त निघाले. २०२२ मध्ये सात देशांत परत बघितलं, फ्रान्स सोडून सहा देशांत तेच. आणि ते ऐकून कोण किती खूश होतं ते परत त्या ओढीवरच, जवळीक टाळणाऱ्यांना फारसं रुचत नव्हतं, धास्तीवाले जास्त खुलत होते. भारत त्या सातात नव्हता, त्यामुळं पोरांची भेळ आणि बाता दोन्ही अजून चालू आहेत.